भाच्याला कोरल येतं

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेत किंवा एसटीच्या प्रवासात एखाद्याने "मी डिझायनर आहे" असं सांगितलं, की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "साड्यांचे?" नाही म्हटलं, की दुसरा: "मग इंटिरियर?" तेही नाही म्हटल्यावर तो जरा हिरमुसतो, कारण स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांबद्दल त्याला फुकट सल्ला हवा असतो. बोधचिन्हं, वेष्टनं, मुखपृष्ठं, माहितीपत्रकं करणारा तो ग्राफिक डिझायनर, असा खुलासा झाला, की त्याचा चेहरा उजळतो. "अच्छा, म्हणजे फ्लेक्स!" आणि पाठोपाठ ते वाक्य येतं, जे महाराष्ट्रातल्या प्रत्येक डिझायनरने कधी ना कधी ऐकलेलं असतं: "आमच्या भाच्याला पण कोरल येतं."

कोरल म्हणजे कोरलड्रॉ. फ्लेक्स, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड आणि दुकानांच्या पाट्या यांचा इथला बराचसा कारभार वर्षानुवर्षं या सॉफ्टवेअरवर चालत आला आहे. ते येणं आणि डिझाइन येणं यांत फरक आहे, हे पटवण्याच्या भानगडीत मुरलेला डिझायनर पडत नाही. "हो का? वा!" म्हणून तो वाढप्याकडे जिलेबी मागतो. नवखा तावातावाने समजावायला लागतो आणि त्याचा मसालेभात गार होतो.

शिक्षणाची सोय आपल्याकडे चांगली आहे. मुंबईत जे.जे. आहे, अहमदाबादची एनआयडी १९६१पासून आहे, पवईच्या आयआयटीतलं आयडीसी १९६९पासून आहे. तिथल्या अभ्यासक्रमात रेषा, रंग, अक्षर, अवकाश असं सगळं असतं. भाच्याचा मामा नसतो. आणि पुढची तीस वर्षं गाठ पडते ती मामाशीच, कारण मामा हाच क्लायंट. दुकान त्याचं, पतसंस्था त्याची, मसाल्याचा कारखाना त्याचा आणि पैसेही त्याचेच. चित्र काढणं हा या धंद्यातला लहानसा हिस्सा आहे. उरलेला सगळा वेळ मामाचं ऐकण्यात, मामाला ऐकवण्यात आणि मामाकडून पैसे सोडवून घेण्यात जातो, हे उमगेपर्यंत निम्मी कारकीर्द संपते. कोण कोणाला मामा बनवतंय हे तर शेवटचं पेमेंट आल्याशिवाय कळतच नाही.

मामा सगळ्या देशांत असतात. अमेरिकेतल्या पोर्टलँड शहरात १९७१ साली असाच एक मामा होता. फिल नाइट त्याचं नाव. बुटांचा धंदा उभा करत होता आणि पोटापाण्यासाठी तिथल्या विद्यापीठात अकाउंटिंग शिकवत होता. कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीला त्याने तासाला दोन डॉलर दराने काम दिलं आणि बुटाच्या कडेला लावायला एक चिन्ह काढून घेतलं. बिल झालं ३५ डॉलर. चिन्ह पाहून नाइटसाहेबांनी उड्या वगैरे मारल्या नाहीत. आपल्याला फारसं आवडलेलं नाही, पण पुढेमागे आवडू लागेल, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले. ते चिन्ह म्हणजे नाइकीची ती प्रसिद्ध बाकदार खूण. १९८३ साली कंपनीने डेव्हिडसनबाईंना बोलावून त्या खुणेची हिरेजडित सोन्याची अंगठी दिली आणि वर शेअरही दिले.

डिझायनरांच्या बैठकीत ही गोष्ट फार आवडीने सांगितली जाते. ती ऐकताना नवख्याला शेअर ऐकू येतात. मुरलेल्याला मधली बारा वर्षं ऐकू येतात. म्हणून तो कामाला हात लावण्याआधी पन्नास टक्के अॅडव्हान्स मागतो. "आत्ता जरा अॅडजस्ट करा, पुढे भरपूर काम आहे," असं मामा म्हणतो, तेव्हा नवखा ते पुढचं काम डोळ्यांपुढे आणून आजचा दर पाडतो. मुरलेला सुचवतो, की आत्ता पूर्ण दर घेऊ, सवलत त्या पुढच्या कामात देऊ. यावर मामाला अचानक दुसरा फोन येतो.

फुकट काम करावं की करू नये, यावर या धंद्यात न संपणारी चर्चा चालते. मिल्टन ग्लेझरने तिला एक अवघड उदाहरण देऊन ठेवलं आहे. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कची अवस्था बिकट होती आणि राज्य सरकारला पर्यटक हवे होते. त्या मोहिमेसाठी ग्लेझरचं एक डिझाइन मंजूरही झालं होतं. त्यानंतर एकदा टॅक्सीत बसलेला असताना त्याला आणखी चांगलं काही सुचलं आणि त्याने लाल क्रेयॉनने पाकिटाच्या कागदावर ते गिरगटून ठेवलं. 'लव्ह' या शब्दाच्या जागी बदामाचं चिन्ह असलेली न्यूयॉर्कची ती खूण पुढे टीशर्ट, कप आणि किल्ल्यांच्या जुडग्यांवरून जगभर गेली. ग्लेझरने तिचं मानधन घेतलं नव्हतं. पाकिटाचा तो तुकडा आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. हा किस्सा अनुभवी डिझायनर क्लायंटला कधीच सांगत नाहीत. आपापसात मात्र त्याचा अर्थ लावून झालेला आहे: फुकट द्यायचं तर आपल्या मर्जीने आणि पूर्ण फुकट द्यावं. निम्म्या दरात केलेल्या कामाला दुप्पट करेक्शन येतात.

याच ग्लेझरने उतारवयात, आपण काय काय शिकलो याची दहा कलमी यादी एका भाषणात सांगितली होती. तिचं पहिलं कलम असं, की आपल्याला आवडणाऱ्या माणसांचंच काम करावं. दादर-पुण्याकडच्या ज्येष्ठ डिझायनरांना हे शंभर टक्के मान्य असतं. महिन्याच्या आत पेमेंट करणारी माणसं त्यांनाही पहिल्यापासून फार आवडतात.

पैशानंतर वेळ. १९९८ साली सिटीकॉर्प आणि ट्रॅव्हलर्स या दोन अजस्र कंपन्या एक झाल्या. ट्रॅव्हलर्सची निशाणी होती लाल छत्री. नव्या बोधचिन्हासाठी पॉला शेर यांना बोलावलं. पहिल्याच बैठकीत बाईंनी समोरच्या कागदी रुमालावर 'सिटी' हे नाव लिहिलं, मधल्या 'टी' अक्षरावर एक कमान काढली आणि छत्री तयार झाली. काम काही सेकंदांत झालं. बाकीचा काळ दोन्ही कंपन्यांच्या लोकांना ते पटवण्यात गेला. त्याला मात्र सेकंद पुरले नाहीत. काही सेकंदांच्या कामाचे एवढे पैसे कसे, या प्रश्नाला शेरबाई सांगतात, की त्या सेकंदांच्या मागे तीस-पस्तीस वर्षं आहेत. उत्तर बिनतोड आहे. पण मामा बाकावर बसून घड्याळ बघत असेल, तर ते चालत नाही. "पाच मिनिटांचं तर काम आहे" हे त्याचं ठाम मत असतं आणि ते खोटं ठरवायचा एकच मार्ग उरतो. मुरलेला डिझायनर क्लायंटसमोर पेन्सिल बाहेर काढत नाही. जिन्यावरून उतरतानाच सुचलं असलं, तरी गंभीर चेहऱ्याने म्हणतो, "आठ दिवस लागतील." आठव्या दिवशी दाखवतो. मामा खूश होतो, कारण मेहनत घेतलेली दिसते.

मग ऑप्शन. मराठी क्लायंटला तीन ऑप्शन लागतात. त्यांतला एक डिझायनरला मनापासून आवडलेला असतो, दुसरा बरा असतो आणि तिसरा संख्या भरायला रात्री उशिरा केलेला असतो. मामा कोणता निवडतो हे सांगायला ज्योतिषी नको. कधीकधी तो निवडतही नाही. पहिल्याचा रंग, दुसऱ्याची अक्षरं आणि तिसऱ्याचं चित्र घ्या म्हणतो. अशी बोधचिन्हं राज्यातल्या अनेक पाट्यांवर सुखाने नांदत आहेत. म्हणून जाणती मंडळी एक पथ्य पाळतात: जे छापून आलेलं आपल्याला बघवणार नाही, ते दाखवायचंच नाही.

या पथ्याचं टोक पॉल रँडने गाठलं. आयबीएमचं बोधचिन्ह करणारा हाच तो. १९८६ साली स्टीव्ह जॉब्जने नव्या नेक्स्ट कंपनीसाठी त्याला गाठलं. फी एक लाख डॉलर. जॉब्जने रीतसर विचारलं, काही पर्याय दाखवणार का? रँडने कळवलं, की तो प्रश्न सोडवून देईल आणि जॉब्जने पैसे द्यायचे. मग ते वापरायचं की नाही, ही जॉब्जची मर्जी. पर्याय हवे असतील, तर इतर लोकांकडे जावं. शेवटी त्याने एकच चिन्ह दिलं, एका बाजूला कललेला काळा घन, आणि ते असं का आहे हे टप्प्याटप्प्याने समजावणारी चांगली शंभरेक पानांची पुस्तिका सोबत दिली. जॉब्ज खूश झाला. ही गोष्ट वाचून दर वर्षी काही तरुण डिझायनर आपल्या क्लायंटला एकच ऑप्शन दाखवतात. त्यानंतर ते काम भाच्याकडे जातं.

रँडच्या पुस्तिकेत खरी मेख आहे. चिन्ह विकत घेतलं जात नाही, त्यामागची गोष्ट विकत घेतली जाते. स्टेट बँकेचं निळं वर्तुळ घ्या. मधे छोटं भोक आणि त्यातून खाली गेलेली चीर. तेही १९७१चंच, म्हणजे नाइकीच्या खुणेच्या वयाचं, आणि ते केलं एनआयडीच्या शेखर कामतांनी. त्यात कुणाला कुलपाचं भोक दिसतं, म्हणजे ठेवी सुरक्षित. कुणाला मधोमध उभा असलेला सामान्य माणूस दिसतो, म्हणजे ग्राहक केंद्रस्थानी. अहमदाबादकरांचा एक गट छातीठोकपणे सांगतो, की हा कांकरिया तलाव आहे: गोल पाणी, मधे बाग आणि तिच्याकडे जाणारी वाट. या दंतकथेला पुरावा नाही, पण ती मरतही नाही. मुरलेला डिझायनर असल्या कुठल्याच अर्थाला विरोध करत नाही. पतसंस्थेच्या चेअरमनला बोधचिन्हात आपल्या गावचा डोंगर दिसला, तर तो म्हणतो, "बरोबर ओळखलंत, साहेब." डोंगर दिसल्याशिवाय चेक निघत नाही, हे त्याला माहीत असतं.

आता मोकळ्या जागेबद्दल. कलाशाळेत तिला अवकाश म्हणतात आणि तिच्यावर व्याख्यानं होतात. मामाच्या लेखी ती वाया गेलेली जागा असते. कागदाचे पैसे पूर्ण दिलेत, मग निम्मा कोरा का? पत्रिकेत खाली दोन बोटं जागा दिसली, की तिथे राहिलेल्या आत्याचं नाव जातं. तरीही जागा उरली, तर छोट्या मंडळींची काकाच्या लग्नाला येण्याची आग्रहाची विनंती जाते. नवखा यावर रात्रभर तळमळतो. मुरलेल्याला ठाऊक असतं, की पत्रिका हे निमंत्रण नंतर आणि नातेवाइकांचं हजेरीपत्रक आधी आहे. एक नाव गळलं, तर लग्नात जे होईल त्याला टायपोग्राफी जबाबदार धरली जाईल.

वाढदिवसाचा फ्लेक्स हे तर स्वतंत्र शास्त्र आहे. सगळ्यांत वर गोलांमध्ये पक्षाचे दिवंगत श्रद्धास्थान, त्याखाली राज्य पातळीवरचे नेते, मग जिल्हा, मग तालुका. मधे उत्सवमूर्ती, गॉगल लावलेली, मोबाइल कानाला. तळाशी शुभेच्छुकांचे चेहरे ओळीने. कोणाचं डोकं कोणाच्या डोक्यापेक्षा किती मिलिमीटर मोठं, याचा निर्णय कलेच्या कक्षेत येत नाही. दोन फोटोंची जागा चुकून बदलली, म्हणून रात्री अकरा वाजता पुन्हा प्रिंट काढून देणारा ऑपरेटर स्थानिक राजकारण जितकं जाणतो, तितकं वार्ताहरही जाणत नाहीत. बेकायदा फलकांवरून मुंबई उच्च न्यायालयाने पालिकांचे कान वारंवार उपटले आहेत, पण फोटोंच्या क्रमावर कोणाचीही हरकत आलेली नाही. पदवीधर डिझायनर या फ्लेक्सला आयुष्यभर हसतो आणि पुढे एखाद्या मोठ्या कंपनीच्या वार्षिक अहवालात संचालकांचे फोटो लावायला बसला, की तोच हिशेब मांडतो. फरक गॉगलचा.

क्लायंटच्या पलीकडे आणखी एक प्राणी असतो: वापरणारा. त्याची ओळख बहुतेकांना उशिरा होते. मास्सिमो विन्येली यांच्या स्टुडिओने १९७२ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा नकाशा केला. प्रत्येक मार्गाला वेगळा रंग, रेषा फक्त सरळ किंवा पंचेचाळीस अंशांत. डिझायनर मंडळी आजही त्याच्यापुढे हात जोडतात. न्यूयॉर्ककरांनी हात जोडले नाहीत. सेंट्रल पार्क हे मुळात लांबुळकं उद्यान. नकाशात ते चौकोनी झालं होतं आणि वर करड्या रंगाचं. पाणी निळं नव्हतं, मातकट होतं. भुयारातून वर आलेला माणूस नकाशात दिसतं तसं शहर शोधायचा आणि त्याला ते सापडायचं नाही. विन्येलींचं म्हणणं होतं, की गाडीतल्या माणसाला वरचा भूगोल कशाला हवा? १९७९ साली नकाशा बदलला. बाग हिरवी आणि पाणी निळं झालं. पुढे २०११मध्ये रेल्वेने शनिवार-रविवारच्या फेरबदलांसाठी विन्येलींच्याच पद्धतीचा नकाशा इंटरनेटवर आणला आणि २०२५मध्ये तर अधिकृत नकाशाच पुन्हा त्या वळणावर गेला. विन्येली २०१४मध्ये वारले होते. या धंद्यात मंजुरी कधीकधी अशी उशिरा येते.

आपल्याकडे वापरणाऱ्याचा पुरावा घराघरांतल्या भिंतीवर आहे. जयंत साळगांवकरांचं कालनिर्णय १९७३पासून टांगलेलं आहे. त्याच्या चौकटीत तारीख, तिथी, सण, एकादशी, चतुर्थी असं सगळं दाटीवाटीने बसवलेलं असतं आणि पानाच्या मागे वाचायला मजकूर. कुठल्याही कलाशाळेत हा आराखडा पहिल्या फेरीत परत आला असता. गृहिणींनी त्या दाटीतही जागा शोधली. दूध घेतलं नाही तो दिवस, नवा सिलिंडर लावला तो दिवस, कामवालीचे खाडे, सगळ्याची नोंद बॉलपेनने त्याच चौकटीत होते. डिझायनरने सुरेख, पांढराशुभ्र, एका कोपऱ्यात चिमुकले आकडे असलेलं कॅलेंडर केलं, तर लोक त्याचं कौतुक करतात आणि ते कपाटाच्या आतल्या दारावर लावतात.

आणि चालत्या गाड्याला खीळ घालण्याबद्दल काय सांगावं! २००९ साली ट्रॉपिकाना या अमेरिकेतल्या रसाच्या कंपनीने खोक्यावरचं ओळखीचं चित्र काढून टाकलं. संत्र्यात खुपसलेली नळी गेली, तिथे रसाचा पेला आला. दोन महिन्यांच्या आत खप वीसेक टक्क्यांनी घसरला आणि संत्रं नळीसकट परत आलं. पुढच्याच वर्षी गॅप या कपड्यांच्या कंपनीने बोधचिन्ह बदललं आणि आठवडाभरात जुनं परत लावलं. या कंपन्यांनी नव्या कामाचे पैसे दिले, जुनं परत लावायचेही दिले. तेव्हापासून मुरलेला डिझायनर नवं बोधचिन्ह मागायला आलेल्या मामाला आधी जुनं नीट न्याहाळायला लावतो. "हे छान आहे, फक्त जरा स्वच्छ करू," असं म्हणतो. पैसे तेवढेच घेतो.

प्रसिद्धीचं गणित तर आणखी उलटं. फिलिप स्टार्कने अलेसी कंपनीसाठी केलेलं, १९९०मध्ये बाजारात आलेलं तीन पायांचं लिंबू पिळायचं यंत्र जगातल्या संग्रहालयांत आहे. दहा वर्षांनी त्याची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती निघाली. तिच्यावर लिंबू पिळलं, तर मुलामा खराब होतो. उलट, चार्ल्स आणि रे ईम्स १९५८ साली भारत सरकारसाठी अहवाल लिहायला आले, तेव्हा इथे पाहिलेल्या वस्तूंत त्यांनी साध्या लोट्याला सर्वांत वरचं स्थान दिलं. याच अहवालातून पुढे एनआयडी उभी राहिली. लोट्याच्या डिझायनरचं नाव कोणाला माहीत नाही आणि त्याला पेमेंट मिळालं का, हेही विचारायची सोय नाही.

आपल्याकडच्या दिग्गजांची गतही फार वेगळी नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांना चेहरे दिले; 'मत्स्यगंधा' म्हटलं, की अनेकांच्या डोळ्यांसमोर आधी अक्षरं येतात, मग पात्रं. २०२०मध्ये ते गेले, तोवर पेपरातल्या नाटकाच्या जाहिराती बघणाऱ्या कितीतरी वाचकांना ती अक्षरं कोणीतरी हाताने काढतं याचा पत्ताच नव्हता. र. कृ. जोशी मोठे सुलेखनकार, कवी, आयडीसीतले शिक्षक. ब्रश घेतला, की अक्षर नाचवणारा माणूस. त्यांचं सर्वाधिक पाहिलं गेलेलं काम मात्र 'मंगल' हा विंडोजमधला देवनागरी फॉन्ट, तो २०००च्या विंडोजपासून संगणकांत आला. बदलीचे हुकूम, कारणे दाखवा नोटिसा आणि निविदा अशा अमंगळ बातम्या असंख्य लोकांना मंगलमधूनच कळल्या.

सगळ्यांत मोठा क्लायंट मिळाला तो डी. उदयकुमार यांना: अख्खा देश. पवईच्या आयडीसीत तमिळ छापील अक्षरांवर पीएचडी करत असताना त्यांनी रुपयाच्या चिन्हाच्या स्पर्धेत भाग घेतला. तीन हजारांहून अधिक प्रवेशिकांमधून त्यांची निवड झाली आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ घालणाऱ्या त्यांच्या चिन्हाला मान्यता दिली. बक्षीस अडीच लाख रुपये. चिन्ह नाणी-नोटांवर आलं, की-बोर्डवर आलं, वडापावच्या गाडीवरच्या पाटीवरही आलं. कोणीही लोगो मोठा करा म्हटलं नाही. उदयकुमार गुवाहाटीच्या आयआयटीत शिकवायला गेले. मग मार्च २०२५मध्ये तमिळनाडूच्या द्रमुक सरकारने राज्याच्या अर्थसंकल्पाच्या बोधचिन्हातून ते चिन्ह काढलं आणि त्या जागी तमिळ 'रू' अक्षर बसवलं. उदयकुमार यांचे वडील त्याच पक्षाचे माजी आमदार आणि बदली आलेलं अक्षर त्यांच्या पीएचडीच्या लिपीतलं. पत्रकारांनी गाठलं, तेव्हा हा राज्य सरकारचा निर्णय आहे, एवढंच सांगून ते मोकळे झाले. पंधरा वर्षांनी आलेलं करेक्शन. निदान ते त्यांना स्वतः करून द्यावं लागलं नाही.